पेन ड्राइव्ह लावला, पण मशीन उठेना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्या दिवाळीपासून माझे रविवार माझे राहिले नाहीत. रामबाग, सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजमोहल्ला... इंदूरच्या मराठी घरांतून एकाच छापाचे फोन येतात. मशीन ठणठणीत आहे पण विंडोज अकरा घेत नाही, म्हणून भाच्याने कुठेतरी बघून नवी सिस्टिम घालायचा पेन ड्राइव्ह बनवला, आणि आता नुसता काळा पडदा. दुरुस्ती हा माझा धंदा नाही, पण सवय मोडत नाही. तेच उत्तर अकराव्यांदा फोनवर देण्यापेक्षा इथे लिहून ठेवलेलं बरं.

"बूट होत नाही" एवढं सांगितलं तर चालेल ना?

नाही चालणार. "पोट दुखतंय" एवढंच सांगितलं तर डॉक्टर तरी काय करणार? कुठे दुखतंय ते सांगा.

बूट होणं, म्हणजे मशीन चालू होऊन सिस्टिम उठणं, हा खो-खो आहे. बटण दाबलं की मदरबोर्डवरचं फर्मवेअर उठतं. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, साधारण २०१२ नंतरच्या मशीनमध्ये यूईएफआय. बोलताना आपण दोन्हीला बायोसच म्हणतो. ते रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतं आणि बूटलोडरला, म्हणजे सिस्टिम उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, खो देतं. बूटलोडर कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, खो देतो. कर्नल डिस्क, ग्राफिक कार्ड वगैरे ओळखतो आणि उरलेल्या सिस्टिमला खो देतो. कुणीतरी खो मिळूनही बसून राहतो, नाहीतर देणाऱ्याला पुढचा गडी सापडत नाही. आपल्याला फक्त तो कोण ते शोधायचं असतं.

म्हणून मला एवढंच सांगा : कंपनीचा लोगो दिसला का? त्यानंतर मेनू, म्हणजे कशावरून किंवा काय सुरू करायचं ती यादी, आला का? मेनूत निवडल्यावर काही अक्षरं धावली का? लोगोच नसेल तर दोष सिस्टिमचा नाही, रॅम, डिस्प्ले किंवा पॉवर सप्लाय बघा. लोगो आला पण मेनू नाही, तर पेन ड्राइव्ह किंवा बायोसचं सेटिंग. मेनूनंतर अंधार झाला तर बहुतेक वेळा ग्राफिक कार्ड. आणि इन्स्टॉल पूर्ण होऊन पुढे अडलं, तर बूटलोडर चुकीच्या जागी बसलाय.

पडद्यावर काही लिहून आलं तर त्याचा फोटो काढा. "इंग्रजीत काहीतरी आलं होतं" याचा उपयोग होत नाही.

बूट मेनूसाठी कुठली की दाबायची?

डेल आणि लेनोव्हो : एफ १२. एचपी : एफ ९, किंवा आधी एस्केप. असूसचा लॅपटॉप : एस्केप, असूसचा मदरबोर्ड : एफ ८. एसरला एफ १२, पण काही एसर मॉडेलमध्ये तो मेनू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. काही लेनोव्होंना बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक असतं, लॅपटॉप बंद असताना त्यात पिन दाबली की मेनू येतो.

दाबूनही काही होत नसेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप आडवं येतंय. त्यात "शट डाउन" केलेलं मशीन खरं पूर्ण बंद होतच नाही. शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा, मग "यूज अ डिव्हाइस" निवडा.

मेनू येतो, पण त्यात पेन ड्राइव्हचं नावच नाही.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली शंका : आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केली आहे का? हसू नका, चांगले शिकलेले लोक करतात. आयएसओ म्हणजे सगळ्या इन्स्टॉलरचं बांधलेलं गाठोडं. ते रुफस, व्हेंटॉय किंवा बलेना एचर असल्या प्रोग्रामने सोडून मांडावं लागतं.

दुसरी शंका : मांडणी कुठल्या जातीची? जुना बायोस एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत, नवी ती जीपीटी) पद्धतीचा पेन ड्राइव्ह मागतो, यूईएफआय स्वतःच्या पद्धतीने ठरलेल्या फोल्डरमधली ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. रुफसमध्ये "पार्टिशन स्कीम" म्हणून खाना आहे. तिथे जीपीटी निवडलंत आणि मशीन २०१० चं असेल, तर त्या मशीनला तो पेन ड्राइव्ह बूट करण्यालायक वाटणारच नाही. उलटही होतं. नव्या मशीनमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या बायोसची नक्कल, बंद असते, आणि जुन्या पद्धतीचा पेन ड्राइव्ह तिथे अदृश्य.

तिसरी : फॅट-३२. यूईएफआयला हमखास वाचता येणारी फाइल सिस्टिम तीच, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि विंडोजच्या आयएसओमधली मुख्य फाइल हल्ली त्याहून मोठी असते. हाताने कॉपी करणाऱ्यांचं इथेच फसतं. रुफस यातून वाट काढतो : मोठा भाग एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये ठेवतो आणि शेजारी एक चिमुकला भाग करतो, जो यूईएफआयला एनटीएफएस वाचायला मदत करतो. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर घाबरू नका. "यूईएफआय" लिहिलेला निवडा. एक चाललं नाही तर दुसरा.

चौथी : पोर्ट. डेस्कटॉप असेल तर पुढचे पोर्ट सोडा, मागे मदरबोर्डवरच्या काळ्या पोर्टमध्ये लावा. मधे हब नको.

पाचवी, पेन ड्राइव्हच खोटा. वर ६४ जीबी छापलंय आणि आत ८. सुरुवातीचा डेटा नीट लिहिला जातो, पुढचा हवेत जातो. असला पेन ड्राइव्ह मेनूत दिसतो, बूटही होतो, आणि इन्स्टॉल मध्येच "फाइल सापडत नाही" म्हणून थांबतं. आयएसओ अर्धवट उतरली असेल तरी असंच होतं. ती देणाऱ्या साइटवर शा-२५६ नावाचा लांब आकडा दिलेला असतो, डाउनलोड झालेल्या फाइलचा आकडा काढून त्याच्याशी ताडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, माझ्यासकट सगळे ते टाळतात आणि मग दोन तास घालवतात.

पेन ड्राइव्ह दिसतो. निवडला की "सिक्युरिटी व्हायोलेशन" म्हणून लाल चौकट येते.

सिक्युअर बूट. फर्मवेअर बूटलोडरवरची डिजिटल सही तपासतं, ओळखीची नसली तर दारातून परत पाठवतं. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी घालता येणारी सिस्टिम, तिचे अनेक प्रकार. त्यातल्या उबंटू, फेडोरा, डेबियन यांच्या बूटलोडरवर चालणारी सही असते, पुष्कळ छोट्या लिनक्सवर नसते. व्हेंटॉय पहिल्यांदा लावताना स्वतःची किल्ली नोंदवायला सांगतो. ती निळ्या पडद्यावरची पायरी लोक घाबरून रद्द करतात आणि तिथेच अडकतात.

इन्स्टॉलपुरतं सिक्युअर बूट बंद करायला हरकत नाही. एसरच्या लॅपटॉपमध्ये तो पर्याय धूसर दिसतो आणि हलत नाही. तिथे आधी सुपरव्हायजर पासवर्ड ठेवावा लागतो, मग पर्याय उघडतो. तो पासवर्ड कागदावर लिहा. विसरलात तर बायोसच्या बाहेर बसाल.

पण बंद करण्याआधी पुढचा प्रश्न वाचा. प्लीज.

सेटिंग बदललं आणि आता विंडोज ४८ आकडी किल्ली मागतंय!

बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. डिस्क कुलूपबंद आहे आणि त्या कुलपाची किल्ली मशीनमधल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये आहे. सिक्युअर बूट किंवा टीपीएमच्या सेटिंगला हात लावला की चिपला संशय येतो आणि ती किल्ली देत नाही. मग माणसाने ४८ आकडी रिकव्हरी की टाकायची. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. दुसऱ्या फोनवरून त्याच अकाउंटने लॉगिन करून बघा.

इथे माझीच फजिती सांगतो. आत्याच्या लॅपटॉपवर लिनक्स घालायचं होतं. मी ऐटीत सिक्युअर बूट बंद केलं, पोहे-जलेबी खात बसलो, आणि वळून बघतो तर निळा पडदा. "आत्या, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट कुठलं?" आत्या म्हणाली, "ते दुकानातल्या मुलाने बनवलं होतं, बाळा." त्या दिवशी नशीब चांगलं होतं. सेटिंग पुन्हा जसंच्या तसं केलं आणि चिप राजी झाली, विंडोज उघडलं. तेव्हापासून मी आधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर थांबवतो आणि किल्ली कागदावर उतरवतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की, हे कुलूप पुष्कळ मशीनवर न विचारता लागतं. म्हणजे "मी कधी लावलंच नाही" याला अर्थ नाही.

माझ्या मशीनमध्ये टीपीएम २.० नाही. अकरा घालता येईल का?

येईल, कंपनीच्या मर्जीविरुद्ध. अधिकृत अट अशी : टीपीएम २.०, सिक्युअर बूटची क्षमता, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा एएमडीचं रायझेन २००० च्या पुढचं. रुफसमध्ये विंडोज ११ ची आयएसओ निवडून स्टार्ट दाबलं की एक छोटी खिडकी येते. तिच्यात या अटी काढून टाकायची खूण आहे. ती करा आणि पेन ड्राइव्ह बनवा.

दोन गोष्टी मात्र मनाशी धरा. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, दरवर्षीची मोठी आवृत्ती बहुधा हातानेच घालावी लागते. आणि ही युक्ती इन्स्टॉलरच्या अटी काढते, प्रोसेसरमध्ये नसलेलं सामर्थ्य घालत नाही. यातली दुसरी गोष्ट कुणी ऐकत नाही, म्हणून पुढचा प्रश्न येतो.

रुफसने सगळ्या अटी काढल्या, तरी अकराचा लोगो येतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. असं दहा वेळा झालं.

शंभर वेळा झालं तरी तेच होणार. प्रोसेसर कुठला? कोअर २ ड्युओ? मग तिथेच थांबा.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तिच्यापासून कर्नल दोन गोष्टी गृहीत धरतो : पॉपकाउंट नावाची सूचना आणि एसएसई ४.२ हा सूचनांचा संच. कर्नल त्या भाषेत बोलतो आणि कोअर २ ला ती भाषा येत नाही. खो मिळालेला गडी बहिरा आहे. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतली) कुठलीही युक्ती इथे चालत नाही, कारण इथे कुणी अट तपासतच नाहीये, सरळ न समजणारी आज्ञा देतंय. इंटेलमध्ये पहिल्या पिढीच्या कोअर आय ५, आय ७ पासून दोन्ही आहेत. एएमडीच्या फेनॉम २ मध्ये पॉपकाउंट आहे, पण एसएसई ४.२ नाही, म्हणून तोही बाद. सीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम चालवा आणि "इन्स्ट्रक्शन्स" या ओळीत एसएसई ४.२ दिसतं का पाहा.

लिनक्सवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. २०२२ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ने एक्स-८६-६४ ची, म्हणजे ६४-बिट प्रोसेसरच्या सूचनांची, दुसरी पातळी मागितली, २०२५ च्या आवृत्ती १० ने तिसरी. तिसरीला एव्हीएक्स २ लागतं, म्हणजे इंटेलची हॅसवेल, २०१३ च्या पुढचं. "नवं म्हणजे चांगलं" म्हणून एका विद्यार्थ्याने त्याच रेड हॅटवर बेतलेलं रॉकी लिनक्स १० उतरवलं होतं, मशीन हॅसवेलच्या आधीच्या आयव्ही ब्रिजचं. कर्नल उठला आणि पुढची पहिलीच पायरी कोसळली. जुन्या ६४-बिट मशीनला लिनक्स मिंट किंवा डेबियन घ्या, ती पहिल्या पातळीवर अजून चालतात.

"धिस कर्नल रिक्वायर्स अॅन एक्स-८६-६४ सीपीयू" असं येतं.

मशीन ३२-बिट आहे, पेन ड्राइव्ह ६४-बिटचा. ३२-बिटची वाट आता अरुंद झाली आहे : उबंटूने २०१९ मध्ये सोडलं, डेबियन १३ मध्येही ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलर नाही. डेबियन १२ किंवा अँटिएक्स बघा.

लिनक्सचा मेनू येतो, "इन्स्टॉल" दाबलं की काळा पडदा.

ग्राफिक कार्ड, बहुतेक वेळा एनव्हिडियाचं. कर्नल पडदा स्वतःच्या ताब्यात घ्यायला जातो आणि पडदा हरवतो. आत इन्स्टॉलर मजेत चालू असतो, आपल्याला फक्त दिसत नाही.

फोनवर सांगतो तसंच सांगतो. मेनूत "इन्स्टॉल"च्या ओळीवर जा, एंटर दाबू नका, छोटा ई दाबा. काही ओळी उघडतील. "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी जा, एक जागा सोडा आणि लिहा : एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी. सगळी छोटी अक्षरं, मध्ये जागा नाही. मग एफ १०. पडदा जरा बेढब, मोठ्या अक्षरांचा दिसेल, पण दिसेल.

हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या वेळी पुन्हा करावा लागतो, मग आत जाऊन कार्डाचा ड्रायव्हर घालायचा. "काल चाललं होतं, आज परत काळं" असे फोन याच कारणाने येतात.

विंडोजचा इन्स्टॉलर चालू होतो, पण डिस्कची यादी रिकामी.

अकराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपपासून हे फार झालं. डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर उतरवा, सोडून पेन ड्राइव्हवर फोल्डरमध्ये ठेवा, आणि रिकाम्या यादीखाली "लोड ड्रायव्हर" दाबून तो दाखवा. डिस्क उगवते.

दुसरा मार्ग, बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून एएचसीआय ही डिस्कशी बोलायची साधी पद्धत निवडणं. डिस्क कोरी करणार असाल तर हाच सोपा. पण जुनं विंडोज ठेवायचं असेल तर थेट बदलू नका, निळा पडदा येईल, "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूटच्या टॅबवर सेफ बूटची खूण करा, मग रीस्टार्ट करताना बायोसमध्ये बदल करा. सेफ मोडमध्ये विंडोज नवा ड्रायव्हर उचलतं. मग खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही, खरा पासवर्ड माहीत असू द्या.

"सिलेक्टेड डिस्क हॅज अॅन एमबीआर पार्टिशन टेबल" म्हणून अडतंय.

पेन ड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने बूट झालाय आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. डेटा दुसरीकडे काढलेला असेल तर इन्स्टॉलरमध्येच सगळी पार्टिशनं पुसा आणि रिकाम्या जागेवर इन्स्टॉल करा, तो आपोआप जीपीटी करतो. डेटा काढलेला नसेल तर आज इन्स्टॉल करू नका.

"सगळी" म्हणताना डिस्क कुठली ते दोनदा बघा. डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर नको असलेलीची केबल सरळ काढून ठेवा. पडद्यावरच्या डिस्क ० आणि डिस्क १ वर माझा विश्वास नाही.

इन्स्टॉल पूर्ण झालं. पेन ड्राइव्ह काढला आणि "नो बूटेबल डिव्हाइस".

दोन शक्यता. एक, बूटलोडर पेन ड्राइव्हवरच बसला. दोन डिस्क असतात तेव्हा असं होतं. पेन ड्राइव्ह परत लावून मशीन उठलं तर हेच. दुसरी, बूटलोडर बरोबर बसलाय पण फर्मवेअर त्याच्याकडे बघत नाही. काही लॅपटॉप, त्यात जुने एचपी बरेच, नोंदवलेल्या नावांकडे दुर्लक्ष करतात आणि फक्त विंडोजच्याच बूटलोडरकडे धावतात. बायोसमध्ये "यूईएफआय फाइल निवडा" असा पर्याय असेल तर तिथून लिनक्सची फाइल दाखवा, नाहीतर बूटलोडरची प्रत सर्वमान्य जागी ठेवावी लागते : ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल. ही जागा प्रत्येक ६४-बिट यूईएफआयला माहीत असते.

लिनक्सचं पार्टिशन पुसलं, आता "ग्रब रेस्क्यू" आणि नुसता बाण.

घर पाडलं, पाटी राहिली. ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, एक तुकडा शाबूत आहे आणि तो उरलेले तुकडे शोधतोय. यूईएफआय मशीन असेल तर बायोसच्या बूट क्रमात "विंडोज बूट मॅनेजर" वर आणा, झालं. जुन्या पद्धतीचं असेल तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीच्या खिडकीत जा आणि कमांड लाइनवर लिहा : बूटरेक, जागा, तिरकी रेघ, फिक्सएमबीआर. इंग्रजीत, अर्थात.

विंडोजने स्वतःला अपडेट केलं आणि शेजारचं लिनक्स उठेना. "समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग".

ऑगस्ट २०२४ च्या अपडेटचा प्रताप. जुने असुरक्षित बूटलोडर बाद करायची यादी फर्मवेअरमध्ये गेली आणि तिने धड चाललेल्या लिनक्सलाही बाहेर काढलं. मायक्रोसॉफ्टने यावरचा इलाज मे २०२५ मध्ये दिला. ज्यांचं अजून अडलंय त्यांनी सिक्युअर बूट बंद करून (आधी बिटलॉकर!) लिनक्समध्ये जावं, सगळे अपडेट करावेत, विशेषतः शिम नावाचं पॅकेज, आणि मग सिक्युअर बूट परत चालू करावं.

यातलंच दुसरं : सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य व्हायला लागतात. मशीनच्या कंपनीने बायोसचा नवा अपडेट दिलेला असेल तर लावून घ्या. लावताना लॅपटॉप चार्जरवर, डेस्कटॉप यूपीएसवर. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते-येते ते तुम्हाला सांगायला नको.

जुन्या मॅकबुकवर नवं मॅकओएस घातलं. आता गोल आणि त्यात तिरकी रेघ.

ती खूण म्हणजे "हे मॅकओएस या मॅकसाठी नाही". २०१२ च्या साध्या मॅकबुक प्रोला ॲपलने कॅटलिनापर्यंतच, म्हणजे २०१९ च्या आवृत्तीपर्यंत नेलं. पुढचं घालायला लोक ओपनकोर लेगसी पॅचर वापरतात. त्यात मॅक आधी ओपनकोरमधून उठतो, मग ओपनकोर मॅकओएसला उठवतो. तुमचा मॅक थेट मॅकओएसकडे गेला, म्हणून तिरकी रेघ.

ऑप्शन की धरून चालू करा, "ईएफआय बूट" नावाचं चित्र निवडा. उठलं, तर चूक एवढीच की ओपनकोर अजून पेन ड्राइव्हवरच आहे. पॅचर उघडून ते आतल्या डिस्कवर बसवा. ही पायरी विसरतातच, कारण पेन ड्राइव्ह लावलेला असेपर्यंत सगळं छान चालतं.

प्रत्येक मॅकओएस अपडेटनंतर ग्राफिक्सचे पॅच पुसले जातात आणि मशीन बैलगाडीसारखं चालतं. पॅचर पुन्हा चालवायचा. आणि मॅकओएस २६, टाहो, ही इंटेल मॅकना मिळणारी शेवटची आवृत्ती, हे ॲपलने २०२५ मध्येच सांगून टाकलंय. तेव्हा या खटाटोपाचंही आयुष्य मोजकंच.

छोटा दहा इंची लॅपटॉप आहे, प्रोसेसर ६४-बिट, पण एकही पेन ड्राइव्ह घेत नाही.

ॲटम झेड ३७३५एफ का? तो एक वेगळाच नमुना. प्रोसेसर ६४-बिट आणि यूईएफआय ३२-बिट. ते बूटआयए३२ नावाची फाइल शोधतं, सगळे पेन ड्राइव्ह बूटएक्स६४ घेऊन येतात. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये दोन्ही असतात, तो वापरा. आत २ जीबी रॅम आहे हे विसरू नका. ब्राउझरचे चार टॅब उघडले की रडतो.

विंडोज ७ च हवंय, जुन्या टॅली आणि प्रिंटरसाठी. पण इन्स्टॉलरमध्ये माउस-कीबोर्ड मेले.

सियागंजच्या एका दुकानदाराचा प्रश्न. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, आणि इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या बोर्डांवर जुना यूएसबी कंट्रोलरच काढून टाकलाय. पीएस-२ चं गोल भोक असेल तर जुना कीबोर्ड लावा, नाहीतर ड्रायव्हर घातलेली आयएसओ बनवावी लागते. माझा सल्ला वेगळा आहे : नवी सिस्टिम घाला, तिच्यात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आत चालणारं नकली मशीन, करून विंडोज ७ ठेवा, आणि त्याला इंटरनेट देऊ नका. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला.

इन्स्टॉल अर्ध्यावर आलं की मशीन खटकन बंद होतं. दर वेळी वेगळ्या टक्क्यावर.

वेगळ्या टक्क्यावर म्हणजे सॉफ्टवेअर नाही. सॉफ्टवेअर अडतं ते रोज त्याच जागी.

मे महिन्यात, दुपारी, गच्चीखालच्या खोलीत? मग उष्णता. पंख्यात धूळ, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. साफ करा, नवी पेस्ट लावा, आणि इन्स्टॉल सकाळी करा. तरी होत असेल तर रॅम : मेमटेस्ट ८६ प्लस पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर चालवा (सहाव्या आवृत्तीपासून तो यूईएफआयवरही चालतो). लाल ओळी आल्या तर मशीन बंद करा, प्लग काढा, रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी दातांवरून शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, परत बसवा. गावठी वाटेल, पण निम्म्या वेळा काम होतं. उरलेल्या वेळा पट्टी बदला.

दर वेळी चालू केलं की तारीख २००९ ची, आणि बायोसची सगळी सेटिंग गायब.

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यासारखा. किराणा दुकानातही मिळतो. तुम्ही एएचसीआय निवडता, वीज गेली की मशीन परत जुन्या आयडीई पद्धतीवर जातं, आणि तुम्हाला वाटतं सिस्टिम बिघडली. जुन्या मशीनवर कुठलंही इन्स्टॉल करण्याआधी हा सेल बदलूनच टाका.

जेल रोडला किंवा सिल्व्हर मॉलला नेलं तर काय सांगू?

"फॉरमॅट मारून द्या" म्हणू नका, ते खरंच मारून देतील. डेटा हवाय की नको हे पहिल्या वाक्यात सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. डिस्क एसएसडी नसेल तर आधी तीच बदलून घ्या, नव्या विंडोजपेक्षा त्याने मशीन जास्त पळतं. आणि "बिघडलाय मदरबोर्ड" असं पाच मिनिटांत सांगितलं तर नम्रपणे मशीन उचलून घरी या.

आमचं मशीन दर वेळी आपोआप बायोसमध्येच जातं. पेन ड्राइव्ह बदलला, डिस्क बदलली, सेल बदलला. आता काय?

हा फोन एका काकांचा. मी घरी गेलो. लोगो येतो, "टिक" आवाज, आणि थेट बायोस. आत कर्सर आपोआप खाली खाली सरकतोय. मी कीबोर्ड काढला आणि मशीन चालू केलं. विंडोज सुखात उठलं.

कीबोर्ड उलटा करून वर्तमानपत्रावर आपटला. लवंगी शेव, बारीक शेव, एक आख्खा शेंगदाणा. डिलीट कीच्या खाली शेवेचा तुकडा आडवा अडकून ती अर्धवट दाबलेली राहिली होती, आणि या बोर्डवर डिलीट म्हणजे बायोस. खालच्या बाणाच्या कीखाली दुसरा तुकडा. काकू दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "तरी मी यांना सांगत असते, बशी टेबलावर नेऊ नका."